एस. टी.चा भोंगा आणि वादळाची सूचना

दिवेआगरच्या रस्त्यावर समोरून येणाऱ्या एस. टी. गाडीचा भोंगा जवळ येताना चढ्या पट्टीत, तर गाडी मागे पडताच उतरत्या पट्टीत ऐकू येतो. यामागील नियम ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडला. वादळाचा वेध घेणारे रडारही याच नियमावर चालते. म्हणून किनाऱ्यावरील गावांनी तो समजून घेणे अगत्याचे आहे.

भोंगा वाजविणारी गाडी आणि ऐकणाऱ्याची गाडी परस्परांच्या दिशेने सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने येत आहेत, असे समजू. भोंग्यातून सेकंदाला ३३० ध्वनिलहरी निघतात. ध्वनी सेकंदात ३४० मीटर जातो. परंतु तेवढ्यात भोंगाही १० मीटर पुढे सरकतो. त्यामुळे ३३० लहरी ३३० मीटरांत दाटतात आणि प्रत्येक लहर १ मीटर लांबीची होते. ऐकणारा स्वतः १० मीटर सामोरा जात असल्याने त्याला सेकंदाला ३५० मीटर लांबीच्या, म्हणजेच ३५० लहरी मिळतात. उद्गमाची गती लहरींची लांबी बदलते. श्रोत्याची गती त्या किती त्वरेने कानी पडतात हे ठरविते. गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या, की हीच संख्या सुमारे ३११ वर येते. दोन्ही गाड्या एकाच दिशेने समान वेगाने जात असतील, तर मात्र स्वर बदलत नाही.

रडारच्या रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने जातात आणि त्यांच्या बाबतीत केवळ सापेक्ष वेग विचारात घ्यावा लागतो. गतिमान पर्जन्यबिंदू प्रथम श्रोता होतो आणि लहर परतविताना उद्गम. म्हणून फरक दुप्पट पडतो. १० सेंटीमीटर लांबीची लहर वापरणाऱ्या रडारकडे बिंदू ताशी १०८ किलोमीटर वेगाने येत असेल, तर परतलेल्या लहरींची संख्या सेकंदाला ६०० ने वाढते. बिंदू दूर जात असल्यास ती तेवढीच घटते. त्यावरून ढगांतील वाऱ्याचा वेग कळतो. आडव्या दिशेने जाणाऱ्या वाऱ्याचा वेग मात्र एकट्या रडारला थेट मोजता येत नाही.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वाऱ्यांसह अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी झाली. या वादळावर उपग्रहांबरोबरच मुंबई व गोवा येथील डॉप्लर रडारांचीही नजर होती. रडार वादळ थोपवू शकत नाही. सावध होण्यास वेळ मिळवून देते. त्या वेळेचा उपयोग करणे गावाच्या हाती असते.