अंगणांतील माती आणि मुलाचें अंग



गेल्या जून महिन्यांत एके दिवशीं मी नातीला शाळेंतून आणावयास गेलों होतों. पावसाची पहिली सर नुकतीच येऊन गेली होती. त्या शाळेचें पटांगण आदल्या वर्षींच पेव्हर ब्लॉकनीं मढविण्यांत आलें होतें. चिखल नाहीं, धूळ नाहीं, गणवेश मळत नाहीं. भिजलेल्या फरशीकडे पाहून नातीनें विचारलें, "आजोबा, गांवीं पाऊस पडला कीं वास येतो, तसा इथें कां येत नाहीं?" मीं चौतीस वर्षें मास्तरकी केली. मुलाच्या प्रश्नास उत्तर न देतां घरीं जाण्याची मला संवय नाहीं. पण त्या दिवशीं तसाच गेलों. त्यानंतर जें वाचलें, जाणत्यांना विचारलें, तें आज आपल्यापुढें ठेवीत आहें.

त्या वासांतील एका मुख्य द्रव्यास १९६५ सालीं 'जिओस्मिन' हें नांव मिळालें. मातींत धाग्यांसारखे वाढणारे स्ट्रेप्टोमायसिस नांवाचे जंतु तें तयार करितात. ह्याच कुळांतील एका जंतूपासून १९४३ सालीं अमेरिकेंत सेलमन वॉक्समन ह्यांच्या प्रयोगशाळेंत आल्बर्ट शाट्झ ह्यांनीं स्ट्रेप्टोमायसिन हें क्षयावरील औषध मिळविलें. म्हणजे नातीला जो वास हवा होता, तो जिवंत मातीचा होता.

माती जिवंत राहते ती मुख्यतः झाडांच्या जिवावर. झाड मुळांतून नुसतें घेत नाहीं, देतेंही. पानांत तयार झालेल्या साखरेचा कांहीं भाग तें मुळांवाटे मातींत सोडतें आणि त्या अन्नावर असंख्य जंतूंची पंगत बसते. ते फुकट जेवत नाहींत. तूर, हरभरा, भुईमूग ह्यांच्या मुळांवरील गांठींतले जंतु हवेंतील नायट्रोजन बांधून देतात. बुरशीचे तंतु, जेथें मुळें पोंचत नाहींत तेथून, स्फुरद आणून देतात. प्रत्येक वनस्पतीची पंगत थोडी निराळी; म्हणून एकाच जातीच्या कातरलेल्या हिरवळीखालचें जंतुजीवन आणि दहावीस जातींच्या रानगवताखालचें जंतुजीवन हीं सारखीं नसतात. जर्मनींतील येना येथें २००२ सालीं कुरणाचे तुकडे पाडून कोठें एक, कोठें चार, कोठें सोळा, तर कोठें साठ जातींचें बियाणें पेरण्यांत आलें. जेथें जाती अधिक, तेथें मातींतील जंतूंची एकूण मात्राही अधिक भरली. मात्र हा फरक दिसूं लागण्यास सुमारें चार वर्षें लागलीं. हीं चार वर्षें श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावींत. पेव्हर ब्लॉक बसविण्यास शाळेला चार दिवस पुरले होते.

कोणी म्हणेल, शहरांतली माती ती केवढी, आणि तिची कथा ती काय! न्यूयॉर्क शहराच्या भर वस्तींत सेंट्रल पार्क नांवाचें उद्यान आहे. तेथील ५९६ ठिकाणची माती संशोधकांनीं तपासली. २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत दीड लक्षाहून अधिक प्रकारचे सूक्ष्म जीव आढळले, आणि त्यांतील बहुतेकांची नोंद तोंपर्यंत कोणत्याही सूचींत नव्हती. तेव्हां दोष शहराचा नाहीं. मातीवर आपण जें झांकण घालतों त्याचा आहे. झांकणाखालीं पाणी व हवा नीट पोंचत नाहीं, मुळें उरत नाहींत, आणि पंगतीला वाढणारा कोणी राहत नाहीं.

आतां मुलाकडे वळूं. आपल्या कातडीवर व आंतड्यांत वसणारे पुष्कळसे जंतु शरीराच्या रक्षक पेशींना एक शिकवण देतात, असें आज मानलें जातें: कोणावर तुटून पडावें आणि कोणाकडे दुर्लक्ष करावें. ही शिकवण अपुरी राहिली कीं शरीर परागकणासारख्या निरुपद्रवी वस्तूवरही चवताळून उठतें. फिनलंडचे इल्का हान्स्की हे मूळचे फुलपांखरांचे अभ्यासक. त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ११८ किशोरवयीन मुलामुलींच्या घराभोंवतालच्या वनस्पती, कातडीवरील जंतु आणि ॲलर्जीची प्रवृत्ति असा तिहेरी हिशेब २०१२ सालीं मांडला. ज्यांच्यांत ती प्रवृत्ति होती, त्यांच्या घराभोंवतीं निसर्गाची विविधता कमी होती, आणि कातडीवरील जंतूंच्या एका गटांतली विविधताही कमी होती.

परंतु दोन गोष्टी जोडीनें आढळल्या म्हणजे एक दुसरीचें कारण ठरते असें नाहीं. हें मी वर्गांतही पुन्हां पुन्हां सांगत असें. त्यासाठीं प्रयोग लागतो. तो त्याच देशांत मार्या रोस्लुंड, आकी सिंकोनेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं केला आणि २०२० सालीं प्रसिद्ध केला. लाहती व टाम्पेरे ह्या शहरांतील दहा बालवाड्या, ३ ते ५ वर्षांचीं ७५ मुलें. त्यांपैकीं चार बालवाड्यांच्या खडीच्या अंगणांत अरण्यांतील जमिनीचे थर झुडपांसकट आणून अंथरले, हिरवळ घातली, रोपांसाठीं वाफे ठेवले, आणि मुलांना तेथें खेळूं दिलें. अवघे २८ दिवस. तेवढ्यांत त्यांच्या कातडीवरील जंतूंची विविधता वाढली, आणि रक्तांत दाह शमविणाऱ्या द्रव्याचें दाह वाढविणाऱ्या द्रव्याशीं असलेलें प्रमाण वाढलें. आजार टळले असें संशोधकांनीं म्हटलेलें नाहीं. ७५ मुलें आणि २८ दिवस ह्यांवरून तसें म्हणतांही येणार नाहीं.

शिवाय, माती म्हणजे कोणतीही माती नव्हे. धनुर्वाताचें बीज मातींतच असतें. जेथें लोक उघड्यावर शौचास बसतात, तेथील मातींत अंकुशकृमि असतात. शिसें घातलेलें पेट्रोल आपल्या देशांत २००० सालीं बंद झालें, पण रहदारीच्या रस्त्यांकडेच्या मातींत सांचलेलें शिसें आपण होऊन नाहींसें होत नाहीं. माझी आई मातींत खेळल्याबद्दल धपाटा घालीत असे. त्या धपाट्यांत अर्धें शहाणपण खास होतें. लस, पायांत चप्पल आणि जेवणापूर्वीं साबणानें हात, हीं सुटतां कामा नयेत.

एवढें समजल्यावर मीं शाळेला पत्र लिहिलें. सारें पटांगण उकरा असें म्हटलें नाहीं. कुंपणालगतची चार फूट रुंदीची पट्टी मागितली. चिखलाबद्दल पालक तक्रार करतील, ही अडचण पुढें आली. दोन बैठकी झाल्या. शेवटीं वीस फूट लांबीची जागा मिळाली. ब्लॉक काढले तेव्हां खालीं कच आणि दगडासारखी घट्ट माती होती. एकही गांडूळ दिसलें नाहीं. नेदरलँड्समधील एका प्रयोगांत, वरची माती खरवडलेल्या शेतांवर दुसरीकडील जिवंत मातीचा अगदीं पातळ थर पसरतांच तेथील वनस्पतींनींही त्या मूळ जागेचें वळण घेतलें होतें. तें वाचलेलें असल्यामुळें मीं एका जुन्या वडाखालची माती चार घमेलीं आणून पसरली. दूर्वा, तेरडा आणि गोकर्ण लावली. आघाडा कोणी लावला नव्हता, तो आपोआप आला. मुलांना आठवड्यांतून दोन तास तेथें सोडतात.

नातीला मीं अजून उत्तर दिलेलें नाहीं. पुढच्या जूनमध्यें पहिली सर आली कीं तिनें त्या पट्टीजवळ उभें राहून वास येतो कीं नाहीं तें मला सांगावयाचें, असें आमचें ठरलें आहे.