पैशाविना समाज चालेल काय?

एम. कॉम.च्या वर्गात पैशाची चार कार्ये आम्हाला तोंडपाठ करावी लागत : विनिमयाचे माध्यम, मूल्यमापनाचे साधन, भावी देण्यांचे प्रमाण आणि मूल्यसंचयाचे साधन. ती शिकविताना आमचे प्राध्यापक जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८७५ साली आपल्या ग्रंथात दिलेली एक हकीकत रंगवून सांगत. पॅरिसची एक गायिका पॅसिफिक महासागरातील सोसायटी बेटांवर गाण्यासाठी गेली. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा तिचा, असा करार होता. तो हिस्सा मोजला तेव्हा तिच्या पदरात तीन डुकरे, तेवीस टर्की पक्षी, चव्वेचाळीस कोंबड्या, पाच हजार नारळ आणि शिवाय केळी, लिंबे व संत्री पडली. यातले काहीच पॅरिसला नेणे शक्य नव्हते. बिदागीत मिळालेली फळे बिदागीतच मिळालेल्या प्राण्यांना खाऊ घालण्याची वेळ बाईंवर आली. तात्पर्य, वस्तुविनिमय अडचणीचा होता म्हणून माणसाने पैसा शोधला.

पुढे बँकेत छत्तीस वर्षे काढल्यावर या तात्पर्यावरचा माझा विश्वास उडाला. ती गायिका बेटावर परकी होती आणि चार दिवसांनी निघून जाणार होती, ही त्या गोष्टीतली खरी अडचण आहे. ती त्याच बेटाची रहिवासी असती तर कोणी त्याच रात्री तिच्या दारात डुकरे बांधली नसती. लोकांनी गाणे ऐकले असते, लक्षात ठेवले असते आणि वर्षभर तिच्या घरी काही ना काही येत राहिले असते. मानववंशशास्त्रज्ञ कॅरोलिन हम्फ्री यांनी १९८५ साली असेच दाखवून दिले, की निव्वळ वस्तुविनिमयावर चालणारा समाज अभ्यासकांच्या नोंदीत कोठेही सापडत नाही. ओळखीची माणसे एकमेकांशी अदलाबदल करीत नाहीत. ती हिशेब ठेवतात.

आपल्याकडे याची उदाहरणे शोधायला नकोत. एका शेतकऱ्याचा बैल आणि दुसऱ्याचा बैल मिळून दोघांची शेते नांगरली जातात, त्याला सावड म्हणतात. गाव एकत्र येऊन एकाचे रान उरकते आणि त्या दिवशी तो सर्वांना जेवू घालतो, त्याला इर्जिक म्हणतात. आपल्या घरांतील आहेराची वही तर प्रत्येक गृहिणी जपते. कोणाकडून काय आले आणि आपण काय द्यायचे आहे, हे तीत पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले असते. काही श्वेतांबर संघांत आजही बोली मण तुपात लावतात. तूप कोणी आणीत नाही, ठरलेल्या दराने रुपये भरले जातात. पण मोजण्याचे माप मात्र टिकून आहे. वस्तू नसली, नाणे नसले, तरी माप आणि वही असली की व्यवहार चालतो, याचा याहून सुबक दाखला मला माहीत नाही.

मग पैशाविना समाज चालेल काय? चालेल, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मात्र कोणासाठी चालेल, हा प्रश्न त्याच वेळी मला छळू लागला.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. चलनातील एकूण मूल्यापैकी सुमारे ८६ टक्के रक्कम त्या दोन नोटांत होती. त्या वेळी मी नगर जिल्ह्याच्या ऊसपट्ट्यातील एका शाखेचा व्यवस्थापक होतो. योगायोगाने माझे जन्मगाव तेथून बारा किलोमीटरवर. तेथे थोरले बंधू आमच्या वडिलांचे किराणा व भुसारचे दुकान आजही चालवितात. दहा तारखेला बँका उघडल्या तेव्हा पहाटेपासून लागलेली रांग रस्त्याच्या वळणापलीकडे गेली होती. त्या रांगेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मी पुन्हा लिहीत नाही.

दुकानात काय घडले, ते मात्र सांगण्यासारखे आहे. काहीच घडले नाही. पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा तेल, साखर, डाळ नेहमीसारखी जात होती. भाऊंच्या पुढ्यात लाल वही उघडी होती आणि एकेकाच्या नावे रक्कम पडत होती. गल्ल्यात जेमतेम काही शंभराच्या नोटा. कोणी पैसे काढू लागला तर भाऊच म्हणत, “राहू द्या, सुटे सांभाळा, दवाखान्याला लागतील.” भाऊंना घाऊक पेठेतून माल येत होता, तोही उधारीवर. पेठेतील व्यापाऱ्याला गिरणीवाला थांबत होता. वरपासून खालपर्यंत सगळे एकमेकांच्या वहीत होते.

आयर्लंडमध्ये हेच याहून मोठ्या प्रमाणावर घडले होते. १९७० साली तेथील प्रमुख बँकांचे कर्मचारी आणि व्यवस्थापन यांच्या वादात १ मे पासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत बँका बंद राहिल्या. देशाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास. लोक धनादेश लिहीत राहिले, घेणारा तो पुढे तिसऱ्याला देत राहिला, आणि वटवायला बँकच नसताना ते धनादेश चलनासारखे फिरले. कोणाचा धनादेश घ्यावा आणि कोणाचा नाही, हे कोण ठरवीत असे? गावचा दुकानदार आणि मद्यगृहाचा मालक. गिऱ्हाईक कमावते किती, उडवते किती, शब्दाला जागते की नाही, हे त्याला बँकेपेक्षा अधिक ठाऊक होते. आपल्या पेढ्यांवर याहून वेगळे काय होते? दर्शनी हुंडी आणि मुदती हुंडी, हुंडी हरवली तर पेठ आणि पेठही हरवली तर परपेठ, असा सारा कारभार लिहिणाऱ्याच्या पतीवर चाले. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमानेही देशी भाषांतील हुंड्यांच्या स्थानिक रिवाजाला धक्का लावला नाही.

आपण व्यापारी माणसे पतीच्या या कथा ऐकून सुखावतो. मीही सुखावलो होतो, १७ नोव्हेंबरपर्यंत.

त्या दिवशी दुपारी माझ्या टेबलासमोर एक ऊसतोडणी करणारी बाई येऊन उभी राहिली. बीडकडची टोळी; भाऊंच्या गावाबाहेरच त्यांच्या कोप्या पडल्या होत्या. तिच्या मुठीत पाचशेची एकच नोट होती. वाढ्याच्या मोळ्या विकत घेणाऱ्या कोणी तरी ती तिच्या हाती टेकवली होती. रद्द झालेली नोट आहे हे सांगितले नव्हते. बदलीसाठी अर्ज आणि ओळखीचा पुरावा लागे. तिचे आधारकार्ड गावी सासूपाशी होते. “साहेब, चारशे द्या, पण मोडून द्या,” ती म्हणाली. बाजारात तो दर चालू होता, हे तिला कळले होते. मी नियम सांगितला. नियम बरोबरच होता. माझ्या पाकिटात शंभराच्या तीन नोटा होत्या, हेही खरे आहे.

रविवारी, २० तारखेला, दुकानात बसल्यावर मी भाऊंना विचारले, कोपीवरच्या लोकांना उधार देता काय? भाऊ म्हणाले, “कोणाच्या नावावर देऊ? मार्चमध्ये फड संपला की ते कुठे आणि मी कुठे!” यात दुष्टपणा नव्हता. उधारी ओळखीवर चालते, आणि ती माणसे ओळखीच्या बाहेरची होती. ज्या वहीने गाव तगले, त्या वहीत त्यांना पान नव्हते. नोट ज्याच्या हाती आहे त्याचे नाव, गाव, जात, कुळ दुकानदाराला विचारावे लागत नाही. ओळख नसलेल्या माणसाला जगाच्या बाजारात उभे राहण्याचा तेवढा एकच परवाना असतो, आणि त्या पंधरवड्यात तोच रद्द झाला होता.

ज्याला वहीत पान आहे त्याचे तरी सारे भले असते काय? आपल्या जुन्या गावगाड्यात रोख पैसा क्वचितच दिसे. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग यांनी वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुते न्यायचे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’त हे सारे तपशिलाने लिहून ठेवले आहे. एका कामाला एक दाम असा भावच नव्हता, म्हणून हिशेब कधी मिटत नसे. मिटत नसे म्हणून माणूस सुटत नसे. बापाचे काम मुलाच्या माथी येई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले ते याच कारणाने. ही कनिष्ठ वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडले. मजुरी रोख घेऊन संध्याकाळी घरी जाणारा मजूर गरीब असेल, पण उद्या न येण्याची मुभा त्याला असते. बलुतेदाराला ती नव्हती.

आपल्या पूर्वजांच्या वह्यांविषयीही हेच बोलले पाहिजे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो पुणे व नगरच्या अनेक गावांत पसरला. रोष मारवाडी आणि गुजराती सावकारांवर होता. जमलेल्या शेतकऱ्यांना मुख्यतः कर्जरोखे हवे होते. ते मिळाले तेथे त्यांनी जाळले. कापसाचे उतरलेले भाव आणि रोखीत भरावयाचा वाढीव सारा ही कारणे होती, हे मान्य. तरी त्यांना पैशापेक्षा वहीची भीती अधिक वाटत होती, हे आपण नाकारू नये. माझे पणजोबा नागौरकडून लोटा-दोर घेऊन याच जिल्ह्यात आले. त्यांना पहिले धान्य आणि पहिले कापड उधार दिले ते समाजाच्याच एका पेढीने, नाव-गोत्र विचारून. तेही परके होते. फक्त त्यांचे नाव त्या वहीत आधीपासून होते.

आज मोबाईलवरचा क्यूआर कोड दाखवून ‘पैसा संपला’ असे तरुण म्हणतात. संपलेला नाही, नोट गेली आणि वही बँकेत गेली, एवढेच. खाते असलेल्याला त्याने फार सोय झाली आहे.

त्या बाईचे पुढे काय झाले, ते मला भाऊंच्याच वहीने सांगितले. २३ तारखेला टोळीचा मुकादम दुकानात आला आणि म्हणाला, कोपीवरच्या सगळ्यांना माल द्या, माझ्या नावे लिहा. मुकादम भाऊंच्या ओळखीचा. गव्हाचे पीठ, गोडे तेल, मिरची, काडेपेटी असे बारा कोयत्यांचे सामान त्या दिवसापासून त्याच्या खाती पडू लागले. कोणी काय नेले, हे भाऊंनी ओळीच्या कडेला बारीक अक्षरात टिपले होते, कारण मुकादमाला ते प्रत्येकाच्या उचलीत धरायचे होते. सामान कोणत्या भावाने धरले, हे भाऊंनी विचारले नाही. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “तो त्यांचा आपसातला हिशेब.”

मुकादमाने आमची बाकी फेब्रुवारी २०१७ मध्ये एकरकमी चुकती केली. भाऊंनी त्या पानावर आडवी रेघ मारली आहे. बारीक अक्षरातल्या नोंदींवर रेघ नाही. त्या आमच्या खात्यातल्या नव्हत्या.