जुन्या गाडीचं टायमिंग: आधी अंगठा, मग लाइट

आपल्याकडे मारुती 800 चं टायमिंग मिस्त्री नुसत्या आवाजावर लावायचे. इथे जपानात तुमच्याकडे जुनी कार्ब्युरेटरची गाडी असेल, तर तेवढ्यावर भागत नाही. दर 2 वर्षांनी शाकेन येतं आणि तिथे धुरातला कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन यंत्रावर मोजतात.

डिस्ट्रिब्युटर बसवताना फसगत होते ती एकाच जागी. क्रँक दोनदा फिरतो, तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकदा. म्हणजे पुलीची खूण शून्यावर दोनदा येते: एकदा कॉम्प्रेशनला, एकदा एक्झॉस्टला. आपल्याला कॉम्प्रेशन हवं. बॅटरीची वायर काढा, पहिल्या सिलिंडरचा प्लग काढा, भोकावर अंगठा ठेवा आणि पान्याने पुली सुलट दिशेने फिरवा. हवेने अंगठा ढकलला, की खूण शून्यावर आणा. मी हे टाळलं आणि अख्खा शनिवार गाडीने नुसते फटाके फोडले.

आता रोटरचं तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडे हवं. दाते तिरके असतील तर उतरताना रोटर थोडा फिरतो. तेवढा हिशेब आधीच धरा.

इंजिन गरम झालं की टायमिंग लाइट लावा. किती अंश, व्हॅक्युमची नळी काढायची का, हे मॅन्युअलमध्ये 'तेन्का जिकी'खाली बघा. डिस्ट्रिब्युटर रोटरच्या उलट फिरवला की ठिणगी लवकर पडते. फार लवकर पडली तर इंजिन ठोकतं, पिस्टन जाऊ शकतो. फार उशिरा पडली तर ओढ जाते, इंजिन तापतं. बोल्ट आवळल्यावर खूण पुन्हा तपासा. आवळताना ती हमखास सरकते!