वकिलाची सहा मिनिटं

अमेरिकेतल्या वकिलांच्या कचेऱ्यांत तासाचे सहसा दहा तुकडे करतात. एक तुकडा सहा मिनिटांचा, म्हणजे ०.१ तास. दशांशामुळे हिशेब सोपा होतो: दर ताशी ३०० डॉलर असेल, तर एका तुकड्याचे ३०. पण अर्धवट तुकडा बहुधा पूर्ण धरतात, त्यामुळे दोन मिनिटांच्या फोनचेही ३० डॉलरच! (अशिलाला हे कितपत रुचतं, ते विचारू नये.)

बॉस्टनचे वकील रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेळेच्या नोंदी रुजवल्या, त्या मुख्यतः कचेरीचा कारभार सुधारावा म्हणून. १९७५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वकील संघटनांची किमान शुल्काची दरपत्रकं बेकायदा ठरवली आणि तासावारी बिलाला आणखी बळ मिळालं.

आता या नोंदींसाठी सॉफ्टवेअर असतं; त्याचा खरा उपयोग मला तास आणि दराच्या गुणाकारात नाही, आठवणीत दिसतो. प्रकरण उघडताना टायमर सुरू करायचा. मध्येच दुसऱ्या अशिलाचा फोन आला, की पहिला थांबवून दुसरा. शुक्रवारी संध्याकाळी आठवडाभराच्या नोंदी एकदम भरायला बसलेला वकील असे फोन हमखास विसरतो. अर्थात, बिल जाण्याआधी वरिष्ठ भागीदार त्यातले काही तास खुशाल खोडतात.