दिवसाच्या विजेचे नवे पाठीराखे

इंझोरीसारख्या वाशीम जिल्ह्यातल्या गावात हरभरा भिजवायचा तर आधी लाईनची पाळी पाहावी लागते. थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा येते, तर काही दिवस रात्री. रात्रपाळीत सापांची आणि रानडुकरांची भीती सोबत घेऊनच पाणी द्यावे लागते. तरीही महाराष्ट्रातल्या शेतीविजेचे राजकारण अनेक दशके फिरत राहिले ते बिलाभोवती, वेळेभोवती नाही. माझ्या मते याचे कारण पुढाऱ्यांच्या लबाडीत शोधण्यापेक्षा जुन्या धोरणाने कोणाकोणाला एकत्र बांधले, यात शोधावे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस राज्य वीज मंडळाने कृषिपंपांसाठी मीटरऐवजी अश्वशक्तीवर आकारणी सुरू केली. पंप कितीही तास चालला तरी बिल तेवढेच. साहजिकच जास्त पाणी उपसणाऱ्याला जास्त लाभ झाला. मोजणीच नसल्याने गळती आणि चोरीची वीजही ‘शेतीचा वापर’ म्हणून दाखवणे मंडळाला सोयीचे झाले. वीज धोरणाचा अभ्यास करणाऱ्या पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने हे वारंवार मांडले आहे. पंपधारक, त्यांची मते मागणारे पक्ष आणि खुद्द मंडळ, असे तीन घटक एकाच व्यवस्थेचे रक्षक बनले. ज्याच्याकडे जोडणीच नव्हती, तो मात्र बाहेर राहिला. विदर्भाच्या अनुशेषात कृषिपंपांची जोडणी हे स्वतंत्र क्षेत्र म्हणून मोजावे लागले. पैसे भरून वर्षानुवर्षे थांबलेल्यांना वीज कार्यालयात ‘पेड पेंडिंग’ म्हणतात. स्वस्त विजेच्या लढाईत त्यांच्या हाती काहीच लागणार नव्हते.

यावर कोणी म्हणेल, ही युती इतकी बळकट होती तर मोडली कशी? 2004 च्या निवडणुकीआधी काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मोफत विजेची घोषणा केली, 2005 मध्ये तीच योजना मागे घेतली, आणि 2009 मध्ये पुन्हा हीच आघाडी निवडून आली. हा आक्षेप वजनदार आहे. पण मागे घेतली गेली ती घोषणा. सवलतीचा दर तसाच राहिला. बिले निघत राहिली, भरली मात्र फार थोडी गेली. 2020 च्या कृषी वीज धोरणात सरकारला थकबाकीवर मोठी सूट द्यावी लागली, ती त्यामुळेच. युती मोडली नव्हती, थकबाकीच्या खात्यात जाऊन बसली होती.

खरा धक्का दुसऱ्या बाजूने बसला. शेतीच्या सवलतीचा मोठा भार चढ्या दराने वीज घेणाऱ्या उद्योगांवर होता. 2003 च्या वीज कायद्याने त्यांना बाहेरून वीज घेण्याची वाट मोकळी केली, पुढे सौरऊर्जा स्वस्त झाली आणि हे मोठे ग्राहक वीज मंडळाच्या जागी आलेल्या महावितरणपासून दूर जाऊ लागले. मग शेतीची वीज स्वस्तात निर्माण करणे ही सरकारी तिजोरीचीच गरज झाली. गावाजवळच्या सौर प्रकल्पांतून शेतीला दिवसा वीज देण्यासाठी 2017 मध्ये जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचे बळ याच गरजेत आहे. 2023 च्या दुसऱ्या टप्प्यात जमीन देणाऱ्याला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे ठरले, ग्रामपंचायतीसाठीही निधी ठेवला. म्हणजे योजनेने वीज पोचण्याआधीच गावात आपली माणसे जोडली.

2024 मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देऊन सरकारने जुन्या युतीलाही सांभाळले. हे मला धोक्याचे वाटते, कारण फुकट विजेत पाणी जपण्याचे कारण उरत नाही. पण पाठीराख्यांचे गणित आता बदलते आहे. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत सर्वसाधारण शेतकरी दहा टक्के हिस्सा भरतो आणि त्याचा बिलाशी संबंधच संपतो. पुढच्या निवडणुकीत तो दर विचारणार नाही. बंद पडलेला पंप किती दिवसांत दुरुस्त होतो, ढगाळ दिवसांत काय करायचे, हे विचारेल. आणि ज्या ‘पेड पेंडिंग’वाल्याला तारेची जोडणी हवी असताना सौरपंप घ्यावा लागला, तो या योजनेचा पाठीराखा होईल की विरोधक, हे त्या दुरुस्तीवरच ठरेल.