तबेल्यातील घोड्यांचे परजीवीजन्य त्वचाविकार

घोड्याच्या कातडीवर, केसांत किंवा कातडीच्या वरच्या थरात राहणाऱ्या अथवा तेथे येऊन रक्त शोषणाऱ्या परजीवींमुळे होणाऱ्या खाज, केसगळती, खपल्या व जखमा यांना एकत्रितपणे 'परजीवीजन्य त्वचाविकार' असे म्हणतात. उवा, गोचीड, खरजेचे किडे, चिलटे, चावऱ्या माशा आणि काही कृमी ही याची प्रमुख कारणे होत. मोकळ्या माळावर चरणाऱ्या घोड्यापेक्षा तबेल्यात बांधलेल्या घोड्याला यांपैकी काही परजीवींचा उपद्रव अधिक होतो. ओले अंथरण, जवळचा उकिरडा, भिंतींच्या भेगा आणि शेजारी बांधलेली जनावरे यांमुळे परजीवींना एका जागी अन्न व आसरा दोन्ही मिळतात.

यवतमाळ जिल्ह्यातील महागाव हा कापूस, सोयाबीन व तूर पिकवणारा, काळ्या जमिनीचा तालुका आहे. अशा भागात केवळ घोड्यांसाठी बांधलेला तबेला क्वचितच आढळतो. वरातीचा घोडा, शर्यतीचा घोडा किंवा मेंढपाळाचे ओझ्याचे तट्टू बहुधा बैल, गाय व शेळ्यांच्या गोठ्यातच एका खुंट्याला बांधलेले असते. त्यामुळे गुरांचे परजीवी घोड्याला आणि गुरांचे औषधही घोड्याला, अशी दुहेरी गफलत होते. यांतील दुसरी पहिलीपेक्षा अधिक घातक ठरते.

लक्षणे

खाज सुटलेला घोडा खांब, गव्हाण किंवा झाडाच्या बुंध्यावर अंग घासतो, स्वतःच्या बरगड्या चावतो, पाय आपटतो व सतत शेपटी हलवतो. कोणत्या भागाला खाज येते यावरून कारणाचा पहिला अंदाज बांधता येतो. आयाळ व शेपटीचे मूळ घासून केस तुटले असतील तर चिलटांची शंका घ्यावी. शेपटीचा केवळ वरचा भाग उंदराने कुरतडल्यासारखा दिसत असेल तर गुदद्वाराजवळ अंडी घालणारा ऑक्सियुरिस इक्वाय हा कृमी संभवतो. खुरांच्या वरच्या भागात खपल्या असून घोडा रात्री पाय आपटत असेल तर पायाची खरूज, आणि कान, मान व खांद्यापासून सुरू होऊन अंगभर पसरणाऱ्या जाड, सुरकुतलेल्या कातडीमागे सार्कोप्टिस हा किडा असू शकतो.

खाजेमुळे घोड्याची झोप व चारा कमी होतो, तो वाळतो आणि चिडका बनतो. खोगीर चढवताना एरवी शांत असणारा घोडा चावू लागला, तर त्याच्या स्वभावाला दोष देण्याआधी खोगिराखालची कातडी पाहणे शहाणपणाचे असते.

उवा

घोड्यावर दोन प्रकारच्या उवा आढळतात. हेमॅटोपायनस असिनाय ही रक्त शोषणारी, तर बोव्हिकोला इक्वाय ही कातडीवरील कोंडा व मृत पेशी खाणारी. दोन्ही घोडा व गाढव यांच्या कुळापुरत्या मर्यादित असतात. बैलाच्या उवा घोड्यावर किंवा घोड्याच्या उवा माणसावर नांदत नाहीत. हिवाळ्यात केस दाट झाले म्हणजे त्यांची संख्या वाढते. अशक्त, म्हातारा किंवा आजारी घोडा त्यांना अधिक बळी पडतो, म्हणून अंगभर उवा झालेल्या घोड्याचे दात, चारा व पोटातील जंत तपासण्याची पद्धत आहे.

निदानास उपकरण लागत नाही. भर उन्हात आयाळीखालचे व शेपटीच्या मुळाचे केस बोटांनी विंचरले की उवा व केसांना चिकटलेल्या लिखा डोळ्यांनी दिसतात. बहुतेक औषधे उवा मारतात, परंतु लिखा मारीत नाहीत. त्यामुळे लिखा फुटून बाहेर आलेल्या नव्या पिढीसाठी सुमारे दोन आठवड्यांनी उपचार पुन्हा करावा लागतो. हा दुसरा उपचार चुकणे हेच औषध 'लागू न पडण्याचे' सर्वांत सामान्य कारण होय. खरारा, झूल, खोगिराखालचे कापड व मोरकी हे सामान घोड्याघोड्यांत फिरते आणि उवाही त्याबरोबर फिरतात.

खरूज

खरजेचे किडे आठ पायांचे असून साध्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. सार्कोप्टिस स्केबिआय कातडीत बोगदे खोदतो, सोरॉप्टिस पृष्ठभागावर राहून आयाळ, शेपटी व कानांत ओल्या खपल्या निर्माण करतो आणि कोरिऑप्टिस मुख्यतः पायांवर राहतो. यांपैकी सार्कोप्टिसची खरूज सर्वांत तीव्र असते. ती हाताळणाऱ्या माणसाच्या हातावर व पोटावरही पुरळ उठवू शकते. घोड्यापासून आलेली ही खाज माणसात बहुधा टिकत नाही, तरी घरातील कोणाला खाज सुटली असल्यास पशुवैद्यकाला ते सांगणे निदानास उपयोगी पडते.

निदानासाठी जखमेच्या कडेची कातडी पात्याने हलकेच, किंचित रक्त दिसेपर्यंत, खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नमुन्यात किडा न सापडणे म्हणजे खरूज नसणे नव्हे. सार्कोप्टिस अनेकदा हुलकावणी देतो.

घोडदळाच्या काळात खरूज हा लष्करी प्रश्न होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याच्या पशुवैद्यक विभागाने खरूजग्रस्त घोड्यांना गंधकयुक्त द्रावणाच्या हौदांतून पोहवत नेण्याची व्यवस्था उभारली होती. गंधक व चुना यांचे द्रावण आजही वापरात आहे. त्याला कुजक्या अंड्यासारखा वास येतो.

चिलटे व चावऱ्या माशा

क्युलिकॉइडिस वंशाची चिलटे एक ते तीन मिलिमीटर लांबीची असतात व डासाच्या जाळीतूनही आत शिरतात. ती ओल्या चिखलात व शेणमातीत वाढतात आणि मुख्यतः सूर्यास्ताच्या व सूर्योदयाच्या सुमारास चावतात. काही घोड्यांच्या शरीरात त्यांच्या लाळेविरुद्ध तीव्र अधिहर्षता निर्माण होते. अशा घोड्याला थोड्या चाव्यांनीही असह्य खाज सुटते, शेजारच्या घोड्याला मात्र काहीच होत नाही. आइसलँडमध्ये ही चिलटे नव्हती, त्यामुळे तेथे वाढून युरोपात निर्यात झालेल्या घोड्यांत हा विकार विशेष प्रमाणात दिसून आला. हा विकार पूर्ण बरा होत नाही, परंतु चावे टाळून आटोक्यात राहतो.

चिलटांचे उड्डाण दुबळे असते. वाऱ्याच्या झोतात ती टिकत नाहीत, म्हणून तबेल्यातील साधा पंखा हा महागड्या मलमापेक्षा अधिक उपयोगी उपाय आहे. दिवेलागणीपूर्वी घोडा आत घेणे, बारीक विणीची जाळी व अंगावर सुती झूल हे त्याला पूरक होत. कडुनिंबाच्या पाल्याचा धूर करण्याची रीत गावोगावी आहे. धुराने माशा काही वेळ दूर राहतात हे खरे, पण बंद तबेल्यात कोंडलेला धूर घोड्याच्या फुफ्फुसांना बाधतो आणि घोडा हा श्वासावर जगणारा प्राणी आहे. धूर करावयाचाच तर तो तबेल्याबाहेर, वाऱ्याच्या बाजूला करावा.

स्टोमॉक्सिस कॅल्सिट्रान्स ही तबेल्याची माशी घरमाशीसारखीच दिसते, मात्र तिला पुढे आलेली टोकदार सोंड असते. ती पायांवर बसून चावते. तिच्या अळ्या मूत मुरलेल्या कुजक्या गवतात व कुटारात वाढतात. उष्ण हवेत तिची एक पिढी दोन ते तीन आठवड्यांत पूर्ण होते, त्यामुळे दररोज लीद व भिजलेले अंथरण उचलून लांब टाकणाऱ्याच्या तबेल्यात तिची संख्या आपोआप घटते. मोठ्या घोडमाश्या दिवसा उन्हात चावतात व त्यांच्यामार्फत ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय या सूक्ष्मजीवाचा प्रसार होतो. त्यामुळे होणाऱ्या 'सर्रा' रोगाचे कारण ग्रिफिथ इव्हान्स यांनी 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे व उंटांच्या रक्तात शोधून काढले. माश्यांचा प्रश्न केवळ खाजेपुरता नाही, तो असा.

पावसाळ्यात घोड्याच्या जखमा चिघळून त्यांत दाणेदार मांस वाढते, त्या हिवाळ्यात सुकतात आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा फुटतात. या विकाराला भारतात 'बरसाती' असे नाव आहे व इंग्रजी पशुवैद्यकीय ग्रंथांनीही तेच स्वीकारले. त्याचे एक मुख्य कारण हॅब्रोनेमा या जठरातील कृमीच्या अळ्या होत. माश्या त्या लिदीतून उचलतात व उघड्या जखमेवर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात सोडतात. म्हणून पावसाळ्यातील लहानशी जखमही झाकून ठेवणे आवश्यक असते.

गोचीड

घोड्यावर गोचीड प्रामुख्याने कानात, आयाळीखाली, जांघेत व शेपटीखाली चिकटतात. भारतात हायलोमा अनाटोलिकम ही जाती थायलेरिया इक्वाय या रक्तपरजीवीची वाहक आहे. या रोगात ताप, फिकट किंवा पिवळसर डोळे व अशक्तपणा दिसतो. रक्त पिऊन फुगलेली मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, गव्हाणीखाली किंवा खुंट्याच्या खळग्यात हजारो अंडी घालते. केवळ जनावरावर औषध लावून गोठा तसाच ठेवल्यास गोचीड परत येतात, ते याच कारणाने. भेगा लिंपणे, चुना लावणे आणि गोठ्यातील सर्व जनावरांवर, प्रत्येकाला योग्य अशा औषधाने, एकाच वेळी उपचार करणे हा त्यावरील मार्ग होय.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावणे, बिडीने चटका देणे किंवा नखांमध्ये चिरडणे टाळावे. हायलोमा गोचीड क्रिमियन-काँगो रक्तस्रावी तापाचेही वाहक आहेत. हा रोग 2011 मध्ये गुजरातेत आढळला.

कोंबड्यांचे खुराडे तबेल्याला लागून असल्यास कोंबड्यांवरील तांबडे किडे रात्री घोड्यावर येऊन चावतात व दिवसा फटींत लपतात. त्यामुळे दिवसाच्या तपासणीत काहीच सापडत नाही.

उपचारातील धोके

गुरांच्या गोचिडांसाठी अमिट्राझ हे औषध पाण्यात मिसळून ग्रामीण भागात सर्रास वापरले जाते. ते बैलाला चालते, घोड्याला नाही. अमिट्राझमुळे घोड्याच्या मोठ्या आतड्याची हालचाल मंदावते, लीद अडकते आणि जीवघेणा पोटशूळ उद्भवू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटातील अडथळा त्याच्यासाठी सुरुवातीपासूनच गंभीर असतो. गोठ्यात बैलांवर फवारणी करताना घोडा बाहेर काढणे आणि उरलेले द्रावण 'वाया जाऊ नये' म्हणून त्याच्या अंगावर न ओतणे, एवढी काळजीही जीव वाचवू शकते.

आयव्हरमेक्टिन हे घोड्याला शरीरभाराच्या दर किलोस 200 मायक्रोग्रॅम या मात्रेने तोंडावाटे देतात. रक्त शोषणाऱ्या उवा व सार्कोप्टिसवर ते प्रभावी आहे, मात्र कातडीच्या पृष्ठभागावर राहणाऱ्या चावऱ्या उवा व कोरिऑप्टिस यांवर तोंडावाटे दिलेल्या औषधाचा परिणाम कमी पडतो. गुरांसाठीचे इंजेक्शन घोड्याला टोचल्यास त्या जागी सूज व क्वचित गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. पर्मेथ्रिनसारखी औषधे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व घोड्यासाठी दिलेल्या प्रमाणातच वापरावीत.

पिकावरील कीटकनाशक जनावरावर वापरणे हा तिसरा धोका. 2017 च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावरील फवारणीतून झालेल्या विषबाधेत अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. जे द्रव्य अंगावर उडाल्याने माणूस दगावतो, ते घोड्याच्या खाजवून सोललेल्या कातडीतून अधिकच वेगाने शोषले जाते. जळके इंजिन तेल चोपडण्याची प्रथाही अशीच घातक असून त्याने कातडी भाजते. करंज व कडुनिंबाचे तेल त्या मानाने निरुपद्रवी आहे, माश्यांना काही काळ दूर ठेवते, पण खरूज बरी करण्याइतके समर्थ नाही.

इतर रोगांपासून भेद

प्रत्येक खपली परजीवीची नसते. गजकर्ण ही बुरशीची बाधा वर्तुळाकार केसगळती करते व तिला खाज कमी असते. सतत पावसात भिजलेल्या घोड्याच्या पाठीवर केसांचे झुबके खपलीसह निघत असतील तर जिवाणूजन्य दाह संभवतो. सर्वांत महत्त्वाचा भेद ग्लँडर्स या रोगाशी करावा लागतो. पायांच्या आतील बाजूस ओळीने गाठी येऊन त्या फुटणे, नाकातून चिकट स्राव व ताप ही त्याची लक्षणे होत. हा रोग माणसालाही होतो व बहुधा प्राणघातक ठरतो. 2006 मध्ये महाराष्ट्रात त्याची लागण आढळली होती. प्राण्यांतील संसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 2009 नुसार अशा संशयाची माहिती शासकीय पशुवैद्यकाला देणे बंधनकारक आहे. खात्रीच्या चाचण्या हिसार येथील राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतात.

यात्रा व बाजार

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत आणि तापीकाठच्या सारंगखेडा येथील दत्तयात्रेत दूरदूरचे घोडे एकत्र येतात. हिवाळ्याचे दाट केस, दाटीवाटीने बांधणी व देवघेवीचे सामान यांमुळे हाच काळ उवा व खरूज पसरण्यास अनुकूल असतो. यात्रेतून आणलेला घोडा दोन ते तीन आठवडे इतर जनावरांपासून वेगळा बांधावा, त्याचा खरारा व झूल वेगळी ठेवावी आणि लिखांचा शोध घेऊनच त्याला गोठ्यात घ्यावे. स्वतंत्र जागा नसल्यास अंगणातील झाडाखालची बांधणीही चालते. मात्र त्या झाडाला नंतर दुसरे जनावर लगेच बांधू नये, कारण घोड्याने त्याच बुंध्यावर अंग घासलेले असते.