सौदा कोठवर आला?

1818 च्या जानेवारीत मंदसोर येथे होळकर दरबाराच्या वतीने तात्या जोगांनी इंग्रजांशी तह केला, आणि त्या तहाच्या पाठोपाठ महू येथे जी छावणी वसली, तिच्या गरजांवरच या गावची बाजारपेठ वाढली. पुढे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात शेजारच्या धार जिल्ह्यात पीथमपूरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा स्कूटर तेथे तयार होऊ लागली, ट्रक-टेंपोंचे कारखाने आले, आणि महूच्या पुरवठादाराला एकीकडे लष्करी संस्था व दुसरीकडे कारखाने अशी दोन अगदी भिन्न प्रकृतीची गिऱ्हाइके लाभली.

अशा पुरवठादाराची एकाच वेळी अनेक ठिकाणी बोलणी चालू असतात: कोठे नुसती चौकशी झालेली, कोठे दरपत्रक गेलेले, कोठे नमुना तपासणीत अडकलेला. रोजकीर्दीत मात्र व्यवहार उतरतो तो माल किंवा पैसा हलल्यावरच. त्यापूर्वीचा सारा मजकूर मालकाच्या स्मरणात नाही तर फिरतीवरच्या माणसाच्या वहीत राहतो, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला म्हणजे वहीबरोबर मजकूरही जातो. ही उणीव भरून काढणारी सॉफ्टवेअरे आता सर्वत्र प्रचारात आहेत; अमेरिकेची सेल्सफोर्स कंपनी 1999 मध्ये निघाली, आणि आपल्याकडे चेन्नईच्या झोहोने ही सोय लहान व्यावसायिकांपर्यंत आणली. पडद्यावर ओळीने रकाने असतात, प्रत्येक रकाना म्हणजे सौद्याची एक पायरी, म्हणजे स्टेज. आणि प्रत्येक सौद्याचे कार्ड जसजसे काम पुढे जाईल तसतसे एका रकान्यातून उचलून पुढच्यात ठेवावयाचे असते.

पायरी आणि टॅग यांचा भेद येथे नीट ध्यानी घेतला पाहिजे, कारण बहुतेक घोटाळे त्याच्या अज्ञानातूनच उद्भवतात. सौद्याची पायरी एका वेळी एकच असते. टॅग म्हणजे कार्डावर लावावयाची खूणचिठ्ठी; असे टॅग हवे तितके लावता येतात. ‘जुना ग्राहक’, ‘उधारीवर’, ‘घाईचे काम’ हे सौद्याचे गुण झाले, आणि गुण पायरीच्या जागी बसविले की नोंद आंधळी होते. ‘थंड पडलेले’ असा रकाना करून पाच सौदे त्यात टाकले, तर त्यांपैकी कोणाचा नमुना पोचला होता आणि कोणाला दरही कळविला नव्हता, हे पुन्हा कळण्यास मार्ग उरत नाही.

पायरी बदलावी तीही गिऱ्हाइकाच्या हातून काही कृती घडल्यावरच, ‘साहेब खूश दिसले’ एवढ्यावर नव्हे. जुन्या मराठी दप्तरात ही शिस्त होती. कागद ताडून पाहिल्यावाचून त्यावर ‘रुजू’ असा शेरा पडत नसे, आणि शिवछत्रपतींच्या पत्रांवर ‘मर्यादेयं विराजते’ ही मोर्तब उठे ती मजकूर संपल्यावरच. त्यामुळे कागद कोणत्या अवस्थेत आहे हे शेऱ्यावरूनच समजे. आजच्या विक्रेत्याला याचे मोल पैशांत मोजता येते. सॉफ्टवेअर प्रत्येक पायरीला यशाचा एक संभव जोडते. ‘नमुना मंजूर’ या पायरीला 60 टक्के धरले, तर पाच लाखांचा सौदा अंदाजात तीन लाखांचा गणला जातो. नमुना मंजूर झाला नसताना कार्ड पुढे सरकविले, तर त्या खोट्या तीन लाखांच्या भरवशावर कच्च्या मालाची खरेदी होते.

महूच्या व्यापाऱ्याला तर दोन पाइपलाइन, म्हणजे रकान्यांच्या दोन ओळी, वेगळ्याच ठेवाव्या लागतील, असे माझे स्पष्ट मत आहे. कारखान्याचा सौदा नकाशा, दरपत्रक, नमुना, तपासणी आणि पर्चेस ऑर्डर अशा क्रमाने चालतो. सरकारी खरेदी 2016 पासून जेम पोर्टलवर होऊ लागली. तेथे निविदा भरणे, तांत्रिक छाननी, मग दर उघडणे असा क्रम असून दरावर घासाघीस करण्यास सहसा वाव नसतो. दोहोंना एकाच रकान्यांत कोंबले, तर निम्मे रकाने निम्म्या सौद्यांना लागूच पडत नाहीत.

एवढी तजवीज झाली म्हणजे फिल्टर कामी येतो. पायरी ‘नमुना मंजूर’, आणि टॅग ‘पीथमपूर’, आणि तीन आठवड्यांत संपर्क नाही, अशा तीन अटी घातल्या की सकाळी कोणाला फोन करावयाचा ती यादी समोर येते. मात्र ‘आणि’च्या जागी ‘किंवा’ पडले, तर यादी आखूड होण्याऐवजी फुगते. टॅगच्या लेखनातही काटेकोरपणा हवा. महूचे अधिकृत नाव 2003 पासून डॉ. आंबेडकर नगर आहे, तेव्हा एका कारकुनाने ‘महू’, दुसऱ्याने ‘आंबेडकर नगर’ आणि तिसऱ्याने इंग्रजी स्पेलिंग लिहिले, तर एका गावचे तीन टॅग होतात आणि फिल्टर त्यांतील एकाचेच सौदे दाखवितो. गावासाठी 453441 हा पिनकोड वापरणे अधिक बिनचूक.

गमावलेला सौदा पुसून टाकण्याची सवय मला सर्वांत हानिकारक वाटते. ‘दर’, ‘मुदत’, ‘नमुना नापास’ असे कारणाचे टॅग लावून तो ठेवला, तर वर्षाअखेर एका फिल्टरने कळते की बहुतेक सौदे दरापायी गेलेच नाहीत, माल वेळेवर देता येईना म्हणून गेले. आणि मग दर उतरविण्याऐवजी साठा वाढविण्याचा विचार सुचतो. शिवाय प्रतिस्पर्ध्याचा दरकरार केव्हा संपतो ती तारीखही कार्डावर टिपून ठेवता येते, आणि पुढच्या महिन्यात संपणाऱ्या करारांची यादी मागितली की हेच गमावलेले सौदे पुन्हा पहिल्या रकान्यात घेता येतात.